घरातला समुद्र

पोराच्या हट्टापायी माहुलच्या खोलीत आम्ही खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. वर काचेची टाकी, खाली गाळणीची, मध्ये पंप. रात्री वीज गेली. पंप थांबताच वरचे पाणी त्याच नळीने उलटे उतरले, खालची टाकी वाहिली आणि खालच्या मावशींचे छत गळू लागले. चूक आमचीच! नळीचे तोंड पाण्यात खोल बुडवले होते.

वाचकहो, ते तोंड वरवर ठेवा. पाण्याच्या रेषेच्या किंचित खाली नळीला बारीक भोक पाडा. हवा शिरली की ओढ तुटते. भोक शेवाळाने बुजते, ते साफ ठेवा. खालची टाकी काठोकाठ भरू नका. पितळी नळ नकोच, त्यातले तांबे प्रवाळांना विष. पण दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, किनाऱ्यावरून उचलू नका.

मावशींचे छत आम्हीच रंगवून दिले.