वर्गणीचा अभिमान आणि कराचा हक्क

सीमाभागातील ग्रामीण साहित्य संमेलनांचा विषय निघाला की एक वाक्य आपण मोठ्या अभिमानाने उच्चारतो : ‘आमची संमेलने लोकवर्गणीतून होतात.’ बेळगुंदी, उचगाव, कडोली, सांबरा, निपाणीकडे कारदगा. गाव कोणतेही असो, ग्रंथदिंडी निघते, दारोदारी सडा-रांगोळी होते, पाहुण्यांची पंगत गावच वाढतो. हा अभिमान रास्तच आहे. परंतु त्याच्या आडोशाला एक अन्याय निवांत निजला आहे. त्याला आता जागे केले पाहिजे.

गावाच्या सांस्कृतिक जीवनाला साहाय्य करणे हा स्थानिक संस्थांचा दानधर्म नव्हे. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत, म्हणजे पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांत, ग्रंथालये आणि सांस्कृतिक कार्यक्रम यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने नगरपालिकांसाठी तशीच तरतूद बाराव्या अनुसूचीत केली. शिवाय कर्नाटकाच्या १९६५ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार मालमत्ता कराच्या रुपयामागे सहा पैसे ग्रंथालय उपकर वसूल होतो. तो भरताना घरमालकाची मातृभाषा कोणी विचारीत नाही. मग खर्च करताना ती का आठवावी? आपण कर भरतो आणि वर्गणीही देतो. एकाच कार्यासाठी दोनदा पैसे मोजतो आणि दुसऱ्या वेळी स्वतःचीच पाठ थोपटून घेतो!

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. गटारे तुंबली असताना कवितेला पैसे कशाला? हा युक्तिवाद केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमची नगरपरिषद २०२३ मध्ये आर्थिक डबघाईला आली. पुढच्याच वर्षी तिने तेथील नाट्य, संगीत व कलासंस्थांचे अनुदान प्रथम निम्म्यावर आणण्याचे आणि २०२५-२६ पासून पूर्ण बंद करण्याचे ठरवले. कोट्यवधी पौंडांच्या तुटीपुढे ही बचत ती किती? तिजोरी रिती झाली की कात्री प्रथम कलेवर चालते. कारण कला मोर्चा काढीत नाही. मात्र तेथे निदान कपातीची चर्चा झाली. जे कधी हक्काने मागितलेच नाही, ते न मिळाल्याची चर्चा कोण करणार?

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. सरकारी पैसा घेतला की सरकारी लगामही आला, असे ते म्हणतात. ही भीती निराधार नाही. ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली १९४६ मध्ये बेळगावच्या संमेलनातून संयुक्त महाराष्ट्राची हाक उठली. असे निर्भय व्यासपीठ मिंधे होऊन चालणार नाही. त्यातच २००५ आणि २०११ अशी दोनदा बेळगाव महापालिका राज्य सरकारने बरखास्त केली. जेथे निवडून आलेले सभागृहच मतभेदापायी गुंडाळले जाते, तेथे एखाद्या संस्थेचे अनुदान किती काळ टिकेल? पण यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. अनुदान नाकारू नये. ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये. अंदाजपत्रकात तरतूद असावी, नियम जाहीर असावेत, अर्ज फेटाळल्यास लेखी कारण मिळावे. लगाम मर्जीच्या दानाला असतो. नियमाने आलेल्या वाट्याला तो सहजी घालता येत नाही.

अर्थात सार्वजनिक पैसा मागणाऱ्याचे व्यासपीठही सार्वजनिक हवे. सुळेभावीला १९२४ मध्ये जन्मलेले कुमार गंधर्व कन्नड घरातले; त्यांच्या गाण्याने मराठी रसिकाला वेड लावले. ही या मातीची रीत आहे. संमेलनाच्या मांडवात कन्नड कवीला मानाचे पान असावे, उर्दू शायराला बोलावणे जावे, भजनी मंडळातल्या बायाबापड्यांना आणि हलगीवाल्याला केवळ दिंडीपुरते स्थान नसावे. दार सताड उघडे ठेवणाऱ्यालाच ‘आम्हांला का वगळले?’ असे ताठ मानेने विचारता येते. ‘हा एका भाषेचा खासगी उत्सव आहे’ हे निमित्तही मग कोणाच्या हाती उरत नाही.

पिढ्यान्‌पिढ्या या भूमीत नांदलेल्या आपल्या घराण्यांनी वाचनालये उभारली, तालमी बांधल्या, मंडळे चालवली. वर्गणीची ती परंपरा खंडू नये. पण यंदा वर्गणीचे पावतीपुस्तक छापताना आणखी एक कागद लिहावा. तो मराठीत आणि कन्नडमध्ये असावा, ग्रामसभेत मांडला जावा आणि त्यात एवढेच विचारावे : आमच्या करातून संस्कृतीसाठी गेल्या वर्षी किती रक्कम ठेवली, ती कोणाला दिली आणि कोणत्या नियमाने? उत्तर येईपर्यंत तो दर ग्रामसभेत पुन्हा मांडावा. वर्गणी हा आपला जिव्हाळा आहे. तो पंचायतीच्या कर्तव्याची सुटका ठरू नये.