धास्ती मुलांची, वाटा सगळ्यांचा

दिवाळीचा फराळ संपला की मराठी घरांतून एक वेगळाच ऋतू सुरू होतो. ज्या घरात बारावी सायन्सचा मुलगा किंवा मुलगी असते, तिथे टीव्हीचा आवाज उतरतो, लग्नकार्याला आई-वडिलांपैकी एकच जण जाऊन येतो आणि पाहुणेही ‘आता मे महिन्यानंतरच येऊ’ असे आपणहून सांगतात. फेब्रुवारीत बोर्ड, आधीमधी जेईई, पुढे सीईटी आणि मेच्या सुरुवातीला ‘नीट’. घरात कुणी आजारी नसते, पण वावर मात्र आजाऱ्याच्या घरातल्यासारखा असतो. सगळे हळू बोलतात आणि ज्याच्यासाठी हळू बोलायचे त्याच्या चेहऱ्याकडे चोरून पाहतात.

या धास्तीविषयी बोलताना आपण बहुधा मुलाच्या स्वभावाविषयी बोलतो. ‘हळवा आहे’, ‘ऐनवेळी घाबरतो’, ‘हुशार आहे, पण जिद्द नाही’. मला हे निदान अपुरे वाटते. या धास्तीचे तीन वाटेकरी आहेत. पहिला वाटा परीक्षेच्या रचनेचा, दुसरा घराचा आणि तिसरा खुद्द मुलाचा. आज तिन्ही वाटे एकट्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर ठेवले जातात. ते वेगळे केले, ज्याचे त्याला दिले, तर मुलाकडे जी भीती उरते ती त्याला पेलण्याजोगी असते.

अठरांत एक

आधी रचनेकडे पाहू. ‘नीट’चेच उदाहरण घेतो, कारण या सर्व परीक्षांत तीच सर्वाधिक घरांना हलवते. २०२५ साली या परीक्षेला देशभरातून २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. त्यांतले १२ लाखांहून अधिक ‘पात्र’ ठरले. एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे साधारण अठरा जणांमागे एक जागा. त्यातही सामान्य घराच्या खिशाला झेपणाऱ्या सरकारी महाविद्यालयांतल्या जागा जवळपास निम्म्याच. अठरांतले सतरा बाहेर राहणार हे परीक्षा घेण्यापूर्वीच ठरलेले आहे. तो त्या सतरा जणांच्या बुद्धीवरचा निकाल नाही, जागांचा हिशेब आहे. पण घरात तो हिशेब म्हणून कुणी वाचत नाही.

महाराष्ट्रात १९९९ पासून वैद्यकीय प्रवेशासाठी सीईटी आली. त्याआधी बारावीचे गुण पाहिले जात. धास्ती तेव्हाही होतीच; खोट्या आठवणी काढण्यात अर्थ नाही. फरक एवढाच की तेव्हा ती निरनिराळ्या दिवशीच्या पेपरांत विभागलेली असे. आज १८० प्रश्न, १८० मिनिटे आणि ७२० गुण. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले तर एक वजा. दोन वर्षांचा अभ्यास एका दुपारी तीन तासांत मोजला जातो. त्या दिवशी ताप आला, तर पुढची संधी वर्षाने.

त्यात भर म्हणजे नियम कधी बदलतील याचा नेम नाही. २०१३ साली ‘नीट’ पहिल्यांदा झाली आणि त्याच वर्षी न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली. २०१६ च्या एप्रिलमध्ये, राज्याची सीईटी काही दिवसांवर असताना, ‘नीट’ पुन्हा उभी राहिली; मे महिन्यात केंद्राने वटहुकूम काढून राज्यांना त्या वर्षापुरती सूट दिली. त्या दोन महिन्यांत मुले जीवशास्त्र वाचत होती आणि पालक न्यायालयाच्या बातम्या.

२०२४ साली तर कडेलोट झाला. ४ जूनला निकाल लागला तेव्हा ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते. १,५६३ जणांना दिलेले वाढीव गुण मागे घ्यावे लागले आणि त्यांना फेरपरीक्षेचा पर्याय मिळाला. पेपरफुटीच्या तपासाचे धागे बिहार, झारखंडापर्यंत गेले. लातुरातही अटका झाल्या. परीक्षा सरसकट रद्द करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलैला सांगितले. ५ मे रोजी पेपर देऊन आलेल्या मुलाला आपली परीक्षा झाली की नाही, हे समजायला अडीच महिने लागले. त्या काळात ‘मन शांत ठेव’ हा सल्ला त्याला कोणत्या तोंडाने द्यायचा?

लगेच पुढच्या वर्षी उलटे घडले. २०२५ चा भौतिकशास्त्राचा भाग इतका अवघड निघाला की मुले रडत बाहेर आली. देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण होते ६८६. आदल्या वर्षी ६५० गुण मिळवूनही हजारो जण पुढे उरत होते. २०२५ मध्ये ६५० च्या वर शंभर जणही नव्हते. भिंतीवर ‘६५०’ असा कागद चिकटवून वर्षभर अभ्यास केलेल्या मुलाला त्या दुपारी आपण बुडालो असे वाटले असणार आणि प्रत्यक्षात त्याचा क्रमांक कदाचित चांगलाही असेल. गुणांचा आकडा मुलाच्या हाती नसतो. पेपर कसा निघाला आणि बाकीच्यांनी काय केले यावर तो ठरतो. मग जे हाती नाही त्याचा कागद भिंतीवर लावायचा कशाला?

‘पाहिजे’ आणि ‘पाहिजेच’

आता मुलाच्या वाट्याकडे येतो. भीती मुळातून गेली पाहिजे हा हट्ट आधी सोडावा. यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९०८ साली उंदरांवर प्रयोग करून दाखवले की काम अवघड असेल, तर मध्यम ताणाखाली ते सर्वांत लवकर शिकले जाते; ताण फार वाढला की शिकणे पुन्हा मंदावते. माणसांनाही हा अनुभव परका नाही. पोटात थोडा गोळा येणे हे तयारीचे लक्षण आहे. हात गार पडले म्हणजे ‘माझे आता काही खरे नाही’ असा अर्थ मूल लावते, तेव्हा भीतीचीच भीती सुरू होते आणि खरे नुकसान तिथे होते.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विचारपद्धती मराठी वाचकाला नवी नाही. त्यांचे म्हणणे आपल्या भाषेत एका अक्षरात मावते. ‘मला प्रवेश मिळाला पाहिजे’ ही इच्छा झाली. ‘मला प्रवेश मिळालाच पाहिजे’ ही मागणी झाली. इच्छा माणसाला कामाला लावते. मागणी त्याला रात्री जागवते. कारण ‘च’ लागला की पुढचे वाक्य आपोआप येते : ‘नाही मिळाला तर मी फुकट.’ मुलाने आपल्या मनातली वाक्ये कागदावर लिहून त्यांतले असे ‘च’ शोधावेत. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, परीक्षेच्या आधी दहा मिनिटे आपल्या चिंता मोकळेपणाने लिहून काढणाऱ्या घाबरट विद्यार्थ्यांनी इतरांपेक्षा चांगले गुण मिळवले. उदाहरण सोडवण्यासाठी डोक्यात जी जागा लागते, ती चिंतेने अडवलेली असते. चिंता कागदावर उतरली की जागा मोकळी होते.

दुसरी तक्रार जिद्दीची. हल्ली क्लासवाले जिद्दीची भाषणे ठेवतात. सभागृहात टाळ्या पडतात, मुले भारावून घरी येतात, नवे वेळापत्रक आखतात, चार रंगांच्या पेनांनी. चौथ्या दिवशी ते वेळापत्रक मोडते आणि जिद्दीबरोबर अपराधीपणाही पदरात पडतो. उत्साह आला की अभ्यास करू, हा क्रम मला उलटा वाटतो. वीस प्रश्न सोडवून झाले, त्यांतले चौदा बरोबर आले, सहा का चुकले ते कळले, की एकविसावा सोडवावासा वाटतो. उत्साह कामाच्या मागून येतो. म्हणून कंटाळलेल्या मुलाला भाषण देण्यापेक्षा ‘चल, दहाच प्रश्न’ म्हणणे अधिक उपयोगी.

अभ्यासाच्या रीतीचेही तसेच. पुस्तक पुनःपुन्हा वाचले की आपल्याला येते असे वाटते. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी एक साधा प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आठवड्याने आठवणारे. तेव्हा पुस्तक मिटून आठवणे हाच खरा अभ्यास आणि आठवताना अडखळणे हा त्याचाच भाग. सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून मूल खचते, कारण आपण तिला निकाल समजतो. चुकांची एक वही केली आणि प्रत्येक चुकीपुढे ‘येत नव्हते’, ‘घाईत वाचले’, ‘अंदाज मारला’ असे लिहिले, तर त्याच परीक्षेतून पुढच्या आठवड्याचा अभ्यास निघतो.

आणि एक अगदी साधी गोष्ट. ‘नीट’चा पेपर दुपारी दोन ते पाच असतो. आपल्याकडे अभ्यास करणारी बरीच मुले रात्री दोनपर्यंत जागतात आणि नेमकी दुपारी झोपतात. वर्षभर ज्या वेळी मेंदूला विश्रांती द्यायची सवय लावली, त्याच वेळी त्याच्याकडून जन्माचे काम मागायचे! शेवटचे दोन महिने तरी सराव पेपर दुपारी दोनलाच सोडवावा, रात्री पुरेशी झोप घ्यावी. केंद्रावर झडती असते, कपड्यांचे नियम असतात, दीड वाजता दार बंद होते. आदल्या दिवशी केंद्र पाहून आले, कपडे काढून ठेवले, की त्या सकाळी घाबरण्याची निम्मी कारणे संपतात.

घराचे प्रश्न

घराचा वाटा सर्वांत अवघड, कारण तो प्रेमातून येतो. क्लासची फी भरण्यासाठी कर्ज काढलेले असते. कुठे आईने नोकरी सोडलेली असते, कुठे ती मुलाबरोबर लातूरला खोली घेऊन राहिलेली असते. हे कुणी मुलाला ऐकवत नाही, पण मुलाला सगळा हिशेब पाठ असतो. ‘तू फक्त अभ्यास कर, बाकी आम्ही पाहतो’ या वाक्यात प्रेम आहेच. मुलाला मात्र त्यात न लिहिलेली रक्कम दिसते. दर रविवारी सराव परीक्षेहून आल्यावर चप्पल काढायच्या आत ‘किती पडले?’ विचारले जाते. ‘जेवलास का?’ हा प्रश्न आधी विचारला तर काही बिघडत नाही.

मला वाटते, आई-वडिलांनी एक गोष्ट परीक्षेच्या आधीच, जेवणाच्या ताटावर, मोकळेपणाने बोलावी : प्रवेश नाही मिळाला तर काय? असे बोलणे अशुभ मानले जाते. खरे पाहता ते बोलले गेले नाही की मूल रात्री एकटे त्याचाच विचार करते. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी यांचे प्रवेश ‘नीट’वरूनच होतात. औषधनिर्माणशास्त्र, कृषी यांसाठी राज्याची सीईटी आहे. विज्ञानाची पदवी आहे. ‘नीट’ला प्रयत्नांची मर्यादा नाही, त्यामुळे आणखी एक वर्ष देता येते, मात्र ते मुलाला हवे असेल तरच. दुसरा रस्ता माहीत असलेला मुलगा पहिल्या रस्त्यावर आळशी होतो, अशी भीती पालकांना वाटते. मी पाहिले आहे ते उलट. मागे दार उघडे आहे हे माहीत असलेली मुले पेपरात अधिक सावधपणे चालतात.

हे सारे तातडीने बोलायचे कारण गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांत सर्वाधिक आकडा महाराष्ट्राचा होता. सगळ्यांमागे परीक्षाच होती असे नाही आणि अशा मृत्यूला एकच कारण क्वचितच असते. पण झोप उडणे, जेवण तुटणे, मित्रांना टाळणे, ‘माझा तुम्हाला त्रासच आहे’ असे बोलणे, यांतले काही दिसले तर अभ्यास बाजूला ठेवून शेजारी बसावे आणि सरळ विचारावे. डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येते.

सरकार आणि क्लास यांनाही सुटका नाही. सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासमध्ये घेऊ नये, असे केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये त्याहून पुढे जाऊन, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी समुपदेशक नेमावा, गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, त्यांचा जाहीर पाणउतारा करू नये, असे निर्देश दिले. आपल्या मुलाच्या क्लासमध्ये यातले काय पाळले जाते, हे फी भरणाऱ्या पालकाने विचारायला हवे. जेईई मेन २०१९ पासून वर्षातून एकाहून अधिक वेळा होते. मग वैद्यकीय प्रवेशाला दुसरी संधी का नको, हा प्रश्नही पालकांनीच लावून धरला पाहिजे. जागा कमी आणि दिवस एकच, ही अडचण मुलाने प्राणायाम करून सुटणारी नाही.

तोवर निदान आपल्या घरापुरते करण्यासारखे आहे. भिंतीवरचा गुणांचा कागद काढून तिथे आजच्या दिवसाचे काम लावावे. मुलाने ते करावे, संध्याकाळी अर्धा तास खाली खेळून यावे. पाहुण्यांनाही मे महिन्याची वाट पाहायला लावू नये. एखाद्या रविवारी तासभर येऊन जाऊ द्यावे. फक्त ‘तयारी कशी चालली आहे?’ हा प्रश्न त्यांनी दाराबाहेर ठेवून यावा, एवढे आधी फोनवर सांगितले तर कुणाला राग येणार नाही.