घराची कागदपत्रं आणि एमबीएचं तिकीट



गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात जेवणं झाल्यावर आपल्या मंडळातल्या एका वहिनींनी मला बाजूला बोलावलं. मुलगा सीए झालेला, दोन वर्षं ऑडिट फर्ममध्ये नोकरी. आता त्याला इन्व्हेस्टमेंट बँकेत जायचंय आणि त्यासाठी एमबीए करायचंय. एका खासगी संस्थेत प्रवेश मिळालाय. फी, हॉस्टेल सगळं धरून खर्च पंचवीस लाखांच्या घरात. कर्जासाठी दांडिया बाजारातलं सासऱ्यांच्या वेळचं घर तारण ठेवावं लागणार आणि यजमानांच्या निवृत्तीला उरलीत तीन वर्षं. पहिला हप्ता पंधरा दिवसांत भरायचा होता.

वहिनींनी विचारलं, "भाऊ, एवढं करून नोकरी नक्की लागते का? आणि ही बँक म्हणजे आपल्या बँक ऑफ बडोदासारखीच ना?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं. सयाजीराव महाराजांनी १९०८ साली सुरू केलेली आपली बँक ठेवी घेते, कर्ज देते. इन्व्हेस्टमेंट बँकेत पासबुक नसतं. एखाद्या कंपनीला शेअर बाजारात उतरायचं असेल, दुसरी कंपनी विकत घ्यायची असेल किंवा मोठं भांडवल उभारायचं असेल, तर तो व्यवहार जुळवून देणारी ही मंडळी. आपल्याकडे सेबीच्या नियमांत त्यांना मर्चंट बँकर म्हणतात. कंपनीची किंमत काढणं, हिशेब तपासणं, आयपीओची कागदपत्रं तयार करणं आणि वकील, ऑडिटर, गुंतवणूकदार यांना एका टेबलावर आणणं, हे त्यांचं काम. पगार मोठा, पण नव्या मुलांना रात्री दोन-दोन वाजेपर्यंत एक्सेलच्या तक्त्यांत डोकं घालून बसावं लागतं. बाजार मंदावला की नोकऱ्याही जातात.

आता पहिला प्रश्न. एमबीएचा इथे उपयोग होतो का? होतो, पण कशामुळे होतो ते समजून घ्या. अहमदाबादची आयआयएम १९६१ सालची. पदवी देण्याचा अधिकार आयआयएमना मिळाला तो २०१७ च्या कायद्याने. त्याआधी तिथून बाहेर पडणाऱ्यांच्या हातात रीतसर डिप्लोमा असायचा, एमबीएची पदवी नव्हे. तरी मोठमोठ्या बँका त्यांच्यासाठी रांग लावत होत्या. म्हणजे किंमत त्या तीन अक्षरांना नव्हती. कठीण चाळणीतून निवडलेली मुलं एका जागी मिळतात, म्हणून बँका त्या दारात जातात. ज्या संस्थेच्या दारात त्या जात नाहीत, तिथली पदवी नावाने तीच असली तरी या कामासाठी तिचं मोल फार कमी.

मोठ्या लोकांकडे पाहिलं तर तिन्ही प्रकार दिसतात. उदय कोटक जमनालाल बजाजचे एमबीए. जेएम फायनान्शियलचे निमेश कंपानी सीए. गोल्डमन सॅक्सचे प्रमुख डेव्हिड सॉलोमन यांच्याकडे एमबीए नाही. आपल्या नागपुरात जन्मलेले विक्रम पंडित कोलंबियात आधी इंजिनियर झाले, मग फायनान्समध्ये पीएच.डी. केली आणि मॉर्गन स्टॅनलीतून पुढे जात २००७ मध्ये सिटीग्रुपचे प्रमुख झाले. या नावांवरून कुणी आपल्या मुलाचा मार्ग ठरवू नये. वाट एकच नसते, एवढंच त्यातून घ्यावं.

इंजिनियरिंग किंवा दुसऱ्याच क्षेत्रातून येणाऱ्या मुलाला एमबीएने दार उघडतं, कारण फायनान्सशी त्याची ओळखच तिथे होते. सीएचं तसं नाही. ताळेबंद वाचणं, कंपनीचे हिशेब उकलणं तो आधीच शिकलेला असतो. छोट्या-मध्यम मर्चंट बँकर फर्म सीए मुलांना थेट घेतात. मोठ्या ऑडिट संस्थांच्या व्हॅल्युएशन आणि ड्यू डिलिजन्स विभागांतून दोन-तीन वर्षांनी पलीकडे जाणारेही असतात. एनआयएसएमची मर्चंट बँकिंगची परीक्षा किंवा सीएफएच्या पातळ्या नोकरी सांभाळून देता येतात. एक सावधगिरी मात्र हवी. परदेशी बँकांच्या मुंबई-हैदराबादच्या कचेऱ्यांत बरंचसं काम तिकडच्या टीमला तक्ते करून देण्याचं असतं. सुरुवातीला ते चांगलं, पण पदाच्या नावावर भुलू नये. काम काय आहे ते विचारावं.

मग वहिनींसमोर मी कागदावर आकडे मांडले. २५ लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता साधारण ३३ हजार. एकूण परतफेड जवळपास ४० लाख. शिकण्याच्या दोन वर्षांत साठणारं व्याज वेगळं आणि मुलाचा दोन वर्षांचा बुडालेला पगारही वेगळा. जुन्या करप्रणालीत आठ वर्षं सूट मिळते, पण ती व्याजावर, मुद्दलावर नाही. आणखी एक गोष्ट. नामवंत संस्थांच्या विद्यार्थ्यांना अनेक बँका तारणाशिवाय कर्ज देतात. बँक घराची कागदपत्रं मागत असेल, तर त्या संस्थेबद्दल ती काय समजते याचा थोडा अंदाज येतो.

मुलाला मी तीन गोष्टी विचारून यायला सांगितलं. सरासरी पगार नको, मधल्या क्रमांकाच्या मुलाला किती मिळाला ते विचार. एका-दोघांच्या भरघोस पॅकेजने सरासरी फुगते. सीटीसीत बोनस किती आणि दरमहा हातात किती, ते विचार. आणि गेल्या दोन तुकड्यांतले किती जण खरोखर इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये गेले, त्यांच्याशी बोल.

आठवड्याने तो घरी आला. माहितीपत्रकात 'फायनान्स क्षेत्र' या एकाच सदरात विमा, कर्जवाटप, बँकांच्या शाखा सगळं धरलेलं होतं. दोन तुकड्यांत मिळून दोघं त्या कामात गेले होते आणि त्यातल्या एकाला आधीचा अनुभव होता. मुलगा जरा हिरमुसला होता. "काका, वडील तर तयार होते सही करायला," तो म्हणाला. मी म्हटलं, "म्हणूनच तर तू जपायला हवंस. आई-बाप मुलाला नाही म्हणत नाहीत."

त्याने तो प्रवेश सोडला. आता मुंबईतल्या लहान मर्चंट बँकर फर्ममध्ये अर्ज करतोय आणि नोव्हेंबरमध्ये कॅट देणार आहे. चांगल्या आयआयएममध्ये नंबर लागला, तर कर्ज जरूर काढावं असं मीच त्याला सांगितलंय. ऋण काढून सण करू नये हे खरं, पण योग्य शिक्षणासाठी काढलेलं ऋण म्हणजे सण नव्हे. अंथरूण किती आहे ते आधी मोजलं म्हणजे झालं.

यात माझी चूकही होऊ शकते. उद्या त्याला नोकरी मिळाली नाही, तर वहिनी मला बोल लावतील आणि तो मी ऐकून घेईन. पण परवा त्या भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "घराचे कागद परत कपाटात ठेवलेत, भाऊ. सासूबाईंना तर काही कळलंच नाही."

आपल्या घरातही असा काही विचार चालू असेल तर जरूर कळवा. पुढच्या अंकात भेटूच.