फेरफाराची शिस्त संगणकातही हवी

सेलू तालुक्यातील एखाद्या सज्जावर वारसाचा, खरेदीचा वा बोजाचा फेरफार नोंदविला जातो, तेव्हा १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १५० त्या नोंदीस शिस्त लावते: गाव नमुना ६ मध्ये नोंद, हितसंबंधितांस नोटीस, हरकतीची मुदत, आणि प्रमाणित झाल्यावरच सातबाऱ्यावर अंमल. आता दप्तर संगणकात गेले असता, दर प्रकारच्या दुरुस्तीसाठी निराळी आज्ञावली हाताने लिहीत बसण्यापेक्षा, कोणत्या तक्त्यातील कोणते रकाने कोणत्या अटीवर बदलावेत हे एका कॉन्फिगरेशन फाइलीत नमूद करून त्यावरून ‘अपडेट’ची आज्ञा यंत्राकडूनच घडवून घेणे मला श्रेयस्कर वाटते, कारण वारसाच्या फेरफारात खातेदाराचे नाव बदलेल, गटाचे क्षेत्र कदापि नाही, हा निर्बंध तेथे एका ओळीत, तलाठ्यालाही वाचता येईल असा, उघड दिसतो.

धोकाही तेथेच आहे. गट व खाते क्रमांकाची अट फाइलीतून गळाली, तर तीच आज्ञा एका खातेदाराऐवजी सबंध तक्त्यातील नावे क्षणार्धात बदलून टाकील. म्हणून अटीवाचून आज्ञा घडविण्यास प्रोग्रामने साफ नकार द्यावा, आणि फाइलीतील प्रत्येक बदल, फेरफाराप्रमाणेच, दुसऱ्या जबाबदार अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून अमलात येऊ नये.