गळते पाणी, गळती वीज

‘येत्या गुरुवारी संपूर्ण शहराचा पाणीपुरवठा बंद राहील’ ही चार ओळींची सूचना पुणेकरांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ती वाचून आता कोणी चकित होत नाही आणि संतापतही नाही. बुधवारी रात्री पिंपे आणि बादल्या भरून ठेवावयाच्या आणि शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा व कमी दाबाने येईल हे गृहीत धरावयाचे, एवढाच तिचा अर्थ सामान्य गृहस्थ घेतो. परंतु या सूचनेत बंदचे कारण सांगणारे जे अर्धे वाक्य असते, ते नीट वाचण्याजोगे आहे. ‘पंपिंग, विद्युत व स्थापत्यविषयक तातडीची कामे’ असे ते वाक्य असते. धरणे भरलेली असोत, जलशुद्धीकरण केंद्रे सज्ज असोत, पंपाची वीज थांबली की पुण्याचे नळ कोरडे पडतात. पुणेकर जे पाणी पितो ते वस्तुतः विजेवर चढून आलेले पाणी आहे. महापालिकेच्या ऊर्जाबचतीविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने आरंभ येथून केला पाहिजे. आणि नेमका येथूनच तो केला जात नाही, म्हणून हा विषय आज आम्ही पहिल्या पृष्ठावर घेत आहोत.

या क्षेत्रात महापालिकेने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१६ सालच्या सुमारास रस्त्यांवरील जुने सोडियमचे दिवे काढून त्यांच्या जागी एलईडी दिवे बसविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आले. तेवढाच उजेड सुमारे निम्म्या विजेत देणारा दिवा बसविणे हे शहाणपणाचेच काम होय. सौर बंब, पर्जन्यजलसंचय आणि गांडूळखत यांपैकी एखादी सोय करणाऱ्या मिळकतदारास करात पाच टक्के, आणि दोन सोयी केल्यास दहा टक्के सवलत देण्याचा उपक्रम पुण्याने पुष्कळ शहरांच्या आधी सुरू केला. २०१९ मध्ये शहरात विजेवर चालणाऱ्या बसगाड्या धावू लागल्या. ओल्या कचऱ्यापासून वायू आणि त्या वायूपासून रस्त्यावरच्या दिव्यांना वीज, अशी छोटी केंद्रेही वस्त्यावस्त्यांतून उभी राहिली. त्यांपैकी कित्येक पुढे बंद तरी पडली किंवा रडतखडत चालली, हा भाग निराळा. करसवलतीचीही कथा थोडीफार तशीच आहे. बंब बसवितेवेळी तपासणी होते आणि सवलत मात्र वर्षानुवर्षे चालू राहते. गच्चीवर गंजलेला बंब आणि बिलात ताजी सवलत अशा सोसायट्या पुण्यात फार शोधाव्या लागणार नाहीत. तथापि, या त्रुटी दुरुस्त होण्याजोग्या आहेत. आमची मुख्य तक्रार त्यांच्याविषयी नाही.

आमची तक्रार अशी की, जी बचत डोळ्यांना दिसते तिच्यामागे पालिका धावते आणि जी जमिनीखाली आहे तिच्याकडे पाठ फिरवते. दिव्याच्या खांबाचे उद्घाटन होते, बसला हिरवा झेंडा दाखविता येतो. फुटक्या जलवाहिनीची दुरुस्ती झाली तर तिचा फोटो कोण छापणार? (वृत्तपत्रेही या दोषातून मुक्त नाहीत.)

आणि हे सर्व अशा गावात, ज्याला पाणी कसे आणावे हे कोणी शिकविण्याची गरज नव्हती. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजच्या तलावातून दगडी नळाने शहरात पाणी आणले गेले. जागोजागी उच्छ्वास ठेवून, केवळ उताराच्या बळावर ते शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांपर्यंत पोचत असे. त्याला ना पंप लागे, ना इंधन. इंग्रजी अमलात १८६९ ते १८७९ या काळात खडकवासल्याचे धरण बांधले गेले. त्याचा जलाशयही शहराच्या मध्यवस्तीहून उंचावर आहे. कालव्याचे पाणी उताराने पर्वतीच्या पायथ्याशी येई आणि पुढे हडपसरकडे निघून जाई. निसर्गाने पुण्याला दिलेली ही देणगी लहान नव्हती.

मग वीज कोठे लागू लागली? शहर टेकड्या चढू लागले, तेथे. कोंढवा, धनकवडी, कात्रज, धायरी, बावधन ही नावे घेतली तरी चढ डोळ्यांसमोर उभा राहतो. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये आणखी तेवीस गावे हद्दीत घेण्यात आली आणि क्षेत्रफळाने ही राज्यातील सर्वांत मोठी महापालिका झाली. हद्द वाढविण्यास एक अधिसूचना पुरते. पाणी चढविण्यास पंप लागतो आणि पंप चोवीस तास बिल करतो.

येथे थोडा हिशेब मांडणे अगत्याचे आहे. एक हजार लिटर पाणी पन्नास मीटर उंच चढविण्यास, पंप आणि मोटार यांतील नेहमीची घट व नळातील घर्षण धरून, सुमारे ०.२ युनिट वीज लागते. हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु पुणे शहर दिवसाला दीडशे कोटी लिटरच्या वर पाणी उचलते. सगळे पाणी सरासरी पन्नास मीटर चढते असे केवळ उदाहरणादाखल धरले, तर रोजची वीज तीन लाख युनिट होते. काही पाणी याहून कमी चढते, काही दोनदा-तीनदा चढते. तेव्हा हा आकडा अंदाजाचाच समजावा. आता शहरातील जलवाहिन्यांतून जे पाणी हिशेबात येत नाही, त्याचे प्रमाण अधिकाऱ्यांकडूनच वेळोवेळी एकतृतीयांशाहून अधिक सांगितले गेले आहे. त्यातील काही भाग अनधिकृत नळजोडांचा आहे, म्हणजे ते पाणी कोणाच्या तरी घशाखाली उतरते; पण उरलेले जमिनीत मुरते. एकतृतीयांश हाच आकडा घेतला, तर आमच्या उदाहरणातील तीन लाख युनिटांपैकी एक लाख युनिट दररोज हिशेबाबाहेर जातात. महिना शंभर युनिट वापरणारी तीस हजार घरे एवढ्या विजेवर चालतील. गळक्या वाहिनीतून गेलेले पाणी आधी धरणातून उचललेले असते, शुद्ध केलेले असते आणि विजेने टेकडीवर चढविलेले असते. रस्त्यावरचा दिवा दिवसा जळत राहिला तर दहा नागरिक दूरध्वनी करतात. ही वीज मात्र अंधारात गळते.

बरे, नळातून घरापर्यंत आलेल्या पाण्याची तरी कथा काय? ते ठरावीक वेळी आणि कमी दाबाने येते, म्हणून प्रत्येक इमारतीने जमिनीखाली टाकी बांधली. चतुःशृंगीच्या किंवा पर्वतीच्या टाकीपर्यंत पालिकेने पैसे मोजून चढविलेले पाणी सोसायटीच्या हौदात तळाला पडते, त्याची सारी उंची तेथे वाया जाते, आणि मग सोसायटी आपल्या पंपाने आपल्या खर्चाने तेच पाणी गच्चीवर पुन्हा चढविते. हा दुसरा पंप पालिकेच्या कोणत्याही ऊर्जा-अहवालात दिसत नाही, कारण त्याचे बिल तुम्ही-आम्ही भरतो. वापरून झालेले पाणी मैलाशुद्धीकरण केंद्राकडे नेताना ठिकठिकाणी पुन्हा उचलावे लागते आणि शुद्ध करताना पुन्हा वीज खाते. जेथे नळच पोचला नाही तेथे टँकर जातो, आणि तो डिझेल जाळून जातो.

या दुष्टचक्रावर उपाय पालिकेला ठाऊक नाही असे मुळीच नाही. समान पाणीपुरवठा योजना नेमकी याचसाठी आखली गेली: ८२ साठवण टाक्या, सुमारे दीड हजार किलोमीटर नव्या वाहिन्या, शहराचे लहान लहान विभाग आणि नळागणिक मीटर. तिच्यासाठी जून २०१७ मध्ये पालिकेने दोनशे कोटी रुपयांचे कर्जरोखे ७.५९ टक्के व्याजाने काढले आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. २०१६ नंतर पाणीपट्टीही टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. म्हणजे नागरिकाने आपला वाटा आगाऊ दिला आहे. परंतु टाक्यांच्या जागांचे वाद, खोदाईच्या परवानग्या, ठरलेल्या मुदतींना एकामागून एक मुदतवाढ यांत वर्षे गेली. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे दीर्घकाळ प्रशासकांचा कारभार चालला. तेव्हा जाब विचारणारे सभागृहही उरले नाही. मीटर मात्र एव्हाना लाखांच्या संख्येने बसले, आणि ते बसले म्हणजे नुसते बसूनच राहिले. घरगुती वापराचे बिल मीटरप्रमाणे आकारण्याचा प्रश्न निघाला की, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एका सुरात बोलू लागतात.

पुण्याला जे जमले नाही ते कऱ्हाडशेजारच्या मलकापूरने करून दाखविले, हे सांगताना पुणेकराच्या अभिमानाला थोडा धक्का बसेल, बसू द्यावा. सातारा जिल्ह्यातील या लहानशा गावाने २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणी, प्रत्येक नळाला मीटर आणि वापर वाढेल तसा चढत जाणारा दर अशी पद्धत स्वीकारली. पाणी केव्हाही मिळते म्हटल्यावर लोकांनी साठवून ठेवणे व दुसऱ्या दिवशी ओतून देणे सोडले, वापर घटला आणि पंप चालविण्याचा भारही हलका झाला. मलकापूरचा पसारा लहान, तेथील गोष्ट पुण्यास कशी लागू पडेल, असे विचारणारे विचारतील. परंतु शहराचे लहान विभाग पाडून एकेक विभाग पुरा करावयाचा हीच तर पुण्याच्या योजनेची कल्पना होती. एक विभाग म्हणजे एक मलकापूर, एवढे तरी मानावयास हरकत नसावी.

मीटरने गरिबावर बोजा पडेल हा आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. चाळीत आणि झोपडपट्टीत राहणाऱ्या कुटुंबाला गरजेपुरते पाणी नाममात्र दरात मिळालेच पाहिजे. त्यापुढचा वापर चढत्या दराने मोजावा. आज उलटच घडते. ज्याच्या दारात पाणी मुबलक तो मोटार धुतो आणि ज्याच्या वस्तीत नळ नाही तो टँकरवाल्याला रोख पैसे मोजतो. शिवाय पुण्याच्या वापराकडे दौंड आणि इंदापूरचा शेतकरी डोळे लावून बसलेला असतो. खडकवासल्याच्या साखळीतील पाण्याचा प्रत्येक वाद अखेर त्याच्या आवर्तनापाशी येऊन थांबतो.

विजेच्या बाबतीतही हा जिल्हा अनोळखी नाही. १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, तो त्यांच्या भातखाचरांवर उभ्या राहणाऱ्या वीजनिर्मितीच्या धरणाविरुद्ध. वीज कोठून येते आणि तिची किंमत कोण देतो, हे मावळातल्या माणसाला शंभर वर्षांपूर्वी कळले होते. २००६ साली राज्यात भारनियमनाचा कहर असताना पुण्याने आपल्यापुरती वाट काढली: कारखानदारांनी आपली जनित्रे चालविली आणि त्याचा जादा खर्च अधिक वीज वापरणाऱ्या ग्राहकांनी प्रतियुनिट आकार देऊन सोसला. ‘पुणे मॉडेल’ म्हणून त्याची वाखाणणी झाली. त्यात कल्पकता होती हे आम्ही मान्य करतो. परंतु ती वीज मिळविण्याची कल्पकता होती, वाचविण्याची नव्हती.

गळती थांबली तर पालिकेचे वीजबिल दुसऱ्याच दिवशी निम्मे होईल असा भ्रम कोणी बाळगू नये. वाचलेले पाणी नव्याने आलेल्या गावांकडे जाईल, आणि ते जावेच. पण मग त्या गावांसाठी नवे पाणी, नवे पंप आणि नवे टँकर यांचा खर्च तेवढा टळेल. यासाठी पालिकेने पुढील अंदाजपत्रकाबरोबर एक साधा तक्ता छापावा. पर्वती, वारजे, वडगाव, लष्कर अशा प्रत्येक जलकेंद्राने वर्षभरात किती पाणी उचलले, किती युनिट वीज खाल्ली, हजार लिटरमागे ती किती पडली, आणि त्या पाण्यापैकी मीटरवर किती नोंदले गेले, एवढे चार रकाने त्यात असावेत. दरवर्षी निघणाऱ्या पर्यावरणस्थिती अहवालात झाडांच्या आणि पक्ष्यांच्या याद्या येतात, त्या शेजारी या तक्त्याला अर्धे पान सहज मिळेल. ऊर्जाबचतीचे शिक्षण देणाऱ्या ‘महाऊर्जा’ या राज्य सरकारच्या संस्थेचे मुख्यालय पुण्यातच आहे; पंपांची तपासणी करावयास तज्ज्ञ मुंबईहून बोलवावे लागणार नाहीत. मीटर बसलेल्या विभागांपैकी निदान एका विभागात पुढील आर्थिक वर्षापासून मीटरप्रमाणे बिल सुरू करावे, आणि पहिल्या सहा महिन्यांचे आकडे जसेच्या तसे नागरिकांपुढे ठेवावेत.