निवेदन: पटावर नाव चढले की गुणांच्या नोंदीही चढाव्यात

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी,
पंचायत समिती

विषय: गुणनोंद प्रणालीत विद्यार्थ्यांच्या कोऱ्या नोंदी आपोआप तयार होण्याबाबत.

महोदय,

आम्ही तालुक्यातील उच्च प्राथमिक शाळांचे वर्गशिक्षक आहोत. गुण भरायला आमची ना नाही. तक्रार आहे ती त्याआधीच्या कामाची.

मूल्यमापनाबाबतच्या 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयातील भारांशानुसार सातवीला सहा विषयांत आकारिक 40 व संकलित 60 गुण. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाला फक्त आकारिक. म्हणजे एका मुलाच्या सत्राला 15 नोंदी, वर्षाला 30. बत्तीस मुलांच्या वर्गाला 960. यातली प्रत्येक नोंद आम्ही 'नवीन' बटण दाबून, मूल, विषय, सत्र व प्रकार निवडून तयार करतो, तेव्हा कुठे गुणांचा रकाना उघडतो. कागदी गुणपत्रकावर निदान नावासमोर चौकटी आखलेल्या असत.

वेळ जातो तो एक वेळ सोसू. पण जी नोंद तयारच झाली नाही, ती प्रणालीच्या लेखी अस्तित्वातच नसते. मूल संकलित चाचणीला गैरहजर राहिले आणि नोंद राहून गेली, की आकारिकचे 40 पैकी 34 एवढेच हिशेबात धरले जातात, त्याचे 85 टक्के होतात आणि प्रगतिपत्रकावर अ-2 श्रेणी येते. पेपर न देता!

म्हणून मागणी अशी, की पटावर नाव चढताच त्या इयत्तेच्या विषयांनुसार सर्व नोंदी प्रणालीनेच तयार कराव्यात. कोणत्या विषयाला संकलित नाही, हे विषयांच्या तक्त्यातच नोंदवलेले असावे; नाहीतर चित्रकलेची लेखी परीक्षा शिल्लक दिसत राहील. नवी नोंद कोरी असावी, तिथे शून्य नको. शून्य गुण मिळणे, गैरहजर असणे आणि गुण भरायचे राहणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एका मुलाची एका चाचणीची नोंद एकच राहील असे बंधनही हवे, कारण नेट अडकले की बटण दोनदा दाबले जाते.

ही सोय केवळ प्रवेशाच्या पडद्यावर नको. बरीच नावे एक्सेलच्या यादीतून एकदम चढवली जातात आणि तिथे पडद्यावरची सोय पोचत नाही. डेटाबेसमध्येच 'ट्रिगर' (नाव आले की आपोआप चालणारी आज्ञा) ठेवला आणि यादी एकदम चढवतानाही तो चालू राहिला, तर नाव कुठल्याही वाटेने आले तरी नोंदी होतील. मध्येच वीज गेली तर नाव व नोंदी दोन्ही राहाव्यात किंवा दोन्ही नसाव्यात. अर्धवट काही नको.

ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या मुलांचा विचार स्वतंत्रपणे व्हावा. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही. असे मूल दुसऱ्या सत्रात आले, तर त्याच्या पहिल्या सत्राच्या नोंदींवर 'लागू नाही' असा शेरा आपोआप पडावा. आज त्या अख्ख्या सत्राची एकही नोंद नसते आणि वर्षाचा निकाल अडतो. तसेच, मूल दाखला घेऊन गेले म्हणून पटावरचे नाव काढताना त्याचे जुने गुण पुसले जाऊ नयेत.

चालू वर्षाच्या राहिलेल्या नोंदी एकदाच भरून घ्याव्या लागतील. त्या वेळी आधी भरलेल्या गुणांना धक्का लागू नये. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी एका शाळेच्या सातवीवर ही सोय तपासून पाहावी. त्या वर्गाचा कागदी पट ताडून पाहायला आम्ही येऊ.

आपले विश्वासू,
तालुक्यातील उच्च प्राथमिक वर्गशिक्षक