एक फेरा

यंदाची उन्हाळी सुट्टी आम्ही हैदराबादला आपाकडे काढली. नांदेडकरांना हैदराबाद म्हणजे शेजारच्या गल्लीसारखं. लग्नाचा जोडा, मोठा दवाखाना, ईदची खरेदी, सगळ्याला तिकडेच धाव. या खेपेला मात्र आमच्या संध्याकाळी चारमिनारपेक्षा हुसेन सागरच्या काठावर जास्त गेल्या. कारण आमची भाची. यंदा दहावीत जाणारी ही पोरगी आपल्या मैत्रिणीसोबत शिडाची होडी चालवते, आणि उन्हाळाभर दोघी शर्यतीच्या तयारीत होत्या.

खरं सांगायचं तर आम्हालाही ते आधी पटलं नव्हतं. मे महिन्याचं ऊन, खोल पाणी, त्यात दहावीचं वर्ष. दूल्हाभाईंची कुरकुर तर रोजचीच होती. आपाला मात्र वेगळीच काळजी : "रंग बघितलास का पोरीचा? उद्या पाहायला येणारे काय म्हणतील?" पण काठावर बसून दोन-चार दिवस पाहिलं आणि आम्ही गप्प झालो. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ विजार, घट्ट बांधलेला स्कार्फ आणि त्यावर तरंगण्याचं जाकीट, अशा वेशात दोघी होडी पाण्यात ढकलत. पोहता आल्याशिवाय इथे होडीला हातच लावू देत नाहीत. आजूबाजूला सरकारी शाळांतली मुलंही होती. श्रीमंतांचा मानला जाणारा हा खेळ, पण पाण्यावर कोण कोणाचा ते कळत नव्हतं.

त्यांच्या होडीला 'फोर-ट्वेंटी' म्हणतात, कारण तिची लांबी ४.२० मीटर. १९५९ साली फ्रान्समध्ये तिचा आराखडा झाला. तिला माणसं लागतात दोन. एकीच्या हाती सुकाणू आणि मोठं शीड, दुसरीच्या हाती पुढचं लहान शीड. वारा वाढला की दुसरी डोलकाठीला बांधलेल्या तारेला लटकून अख्खं अंग होडीबाहेर झोकते, नाहीतर होडी कलंडते. एकीने दुसरीला न सांगता हालचाल केली की दोघी पाण्यात. नवराबायकोंनीही एकदा या होडीत बसून पाहावं, असं आमच्या मनात आलं!

शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. तिला तिरपं जाऊन, वळून, पुन्हा तिरपं जात नागमोडी वाट काढावी लागते. त्यात हुसेन सागरच्या चहूबाजूंनी इमारती, त्यामुळे वारा क्षणाक्षणाला दिशा बदलतो. पाण्यावरची सुरकुती पाहून पुढची झुळूक कुठून येणार ते ओळखायचं. गणितात काठावर पास होणारी आमची भाची हे कोन मनातल्या मनात मांडत होती. शिक्षक म्हणून आम्हाला त्याची थोडी लाजच वाटली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शर्यती झाल्या. एकच शर्यत नाही, तीन दिवसांत अनेक. पहिल्या होडीला १ गुण, दुसरीला २, असे गुण वाढत जातात आणि शेवटी ज्यांचे गुण सर्वांत कमी ते विजयी. शेवटच्या दिवशी आमच्या पोरी तिसऱ्या क्रमांकाच्या अगदी जवळ होत्या. दूल्हाभाई पहिल्यांदाच दुकान बंद ठेवून काठावर आले होते.

शेवटच्या शर्यतीत त्या चौथ्या होत्या. पाण्यात तरंगणाऱ्या बोयाला वळसा घालून पुढे निघाल्या, आणि थोडं अंतर जाऊन एकाएकी त्यांची होडी जागच्या जागी गर्रकन फिरली. पूर्ण एक फेरा. आम्हाला वाटलं, सुकाणू बिघडलं. तेवढ्यात मागच्या दोन होड्या पुढे निघून गेल्या. त्या सहाव्या आल्या. तिसरा क्रमांक एका गुणाने गेला.

काठावर आल्या तेव्हा भाचीचे डोळे लाल होते. म्हणाली, "खाला, शीड का दांडा बोये कू लगा था. थोडाच लगा, पर लगा ना!"

नियम असा की, होडीचा कोणताही भाग बोयाला लागला तर आपणहून बाजूला व्हायचं, एक फेरा मारायचा आणि मग पुढे जायचं. दुसऱ्या होडीची वाट अडवली तर दोन फेरे. पंच असतात, तक्रारही करता येते, पण प्रत्येक होडीमागे शिट्टी घेऊन कोणी धावत नाही. चूक झाली हे आधी ज्याची त्यानेच मान्य करायचं.

दूल्हाभाईंचा आवाज चढला : "अरे, देखा किसने था?"

मैत्रीण हळूच म्हणाली, "हम दोनों देखे ना, अंकल."

कोणीच काही बोललं नाही. घरी येईपर्यंत रिक्षात सगळे गप्प.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. काही वर्षांपूर्वी एका परीक्षा केंद्रावर आम्ही पर्यवेक्षक होतो. एका मुलाच्या उत्तरपत्रिकेखाली घडी केलेला कागद आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. मुलगा वजनदार घरातला. "जाऊ द्या हो," असा एका वरिष्ठांचा इशारा आला, आणि आम्ही खिडकीबाहेर पाहत उभे राहिलो. अल्लाह पाहतो, हे वर्गात आणि घरात हजारदा सांगणारे आम्ही. त्या दिवशी आमच्या होडीने फेरा मारला नाही. पंधरा वर्षांच्या दोन पोरींनी तो मारला. पदक हातचं जात असताना मारला.

सकाळी आम्ही भाचीला एक खरी गोष्ट सांगितली. १९८८च्या सोल ऑलिंपिकमधल्या शिडाच्या शर्यती बुसानच्या समुद्रात झाल्या. २४ सप्टेंबरला कॅनडाचा लॉरेन्स लेम्यू एकट्याने चालवायच्या फिन होडीतून दुसऱ्या स्थानावर होता. वादळी वाऱ्यात सिंगापूरच्या दोन खेळाडूंची होडी उलटलेली त्याला दिसली. तो शर्यत सोडून वळला, त्यांना वाचवलं, मदतीची नौका येईपर्यंत थांबला. अर्थातच फार मागे पडला. पंचांनी नंतर त्या शर्यतीपुरतं त्याला दुसरं स्थान परत दिलं, आणि खिलाडूवृत्तीसाठी त्याला कूबेरतँ पदक मिळालं. एकूण निकालात मात्र तो अकरावा राहिला.

"म्हणजे त्याला पण पदक नाही मिळालं शर्यतीचं," भाची म्हणाली.

"नाही मिळालं," आम्ही म्हणालो. मुलांना खोटा दिलासा देऊ नये.

ती थोडा वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, "चालेल."

आता खेळ पुढे चालू ठेवायचा की नाही, हा प्रश्न उरलाच होता. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत याच खेळात देवासच्या नेहा ठाकूरने रौप्य आणि एबाद अलीने कांस्य पदक मिळवलं, हे आम्ही दूल्हाभाईंच्या कानावर घातलं. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी ठरलं ते असं : सहामाहीपर्यंत फक्त रविवारी. गणितात साठच्या वर गुण आले तर पुढे बघू. म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. पण आमची गाडी निघताना ते आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "बाजी, शर्यत हारी, पर लड़की खरी है." हे त्यांनी पोरीसमोर म्हणायला हवं होतं. आम्ही तसं सांगितलं. ते नुसते हसले.

शाळा सुरू झाली आहे. आम्ही यंदा वर्गात एक नवी सवय लावली आहे : तपासलेल्या वहीत चुकून गुण जास्त पडले असतील, तर मुलाने स्वतः येऊन सांगायचं, आणि त्याला कोणीही हसायचं नाही. पहिल्या आठवड्यात कोणीच आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात एक मुलगा वही घेऊन आला. बेरजेत आमचीच चूक होती, दोन गुणांची. आम्ही सगळ्या वर्गासमोर ती मान्य केली.

आपल्या घरातली मुलं खेळून किंवा परीक्षा देऊन आली की आपण पहिल्यांदा विचारतो, "कितवा नंबर आला?" या महिन्यात एकदा दुसरा प्रश्न विचारून पाहा : "कुणी पाहत नव्हतं, तेव्हा काय केलंस?" आणि मुलांनी तोच प्रश्न उलटून आपल्याला विचारला, तर खिडकीबाहेर पाहू नका.